तक्ता पिशवीतच राहू दे

प्रिय लेकी,

सोमवारपासून तू सोलापुरात पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या वस्तीत जाणार, हे ऐकून बरं वाटलं. तिथल्या मधुमेहाच्या, म्हणजे शुगरच्या, रुग्णांसाठी तू केलेला आहारतक्ता पाहिला. मेहनत घेतली आहेस, पण ओट्स आणि सफरचंद त्या घरांत येतच नाहीत. तिथे येतं ते रेशन. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला घराला ३५ किलो, २०२३ पासून फुकट. त्या तांदळा-गव्हावर घर चालतं. 'भात बंद करा' म्हणणं म्हणजे त्यांना उपाशी राहायला सांगणं.

हे मी एका चुकीतून शिकले. एका विडी कामगार बाईंना मी भात सोडायला सांगितलं. भाकरीला ज्वारी परवडेना, म्हणून बाई रोज रात्री नुसता चहा पिऊन झोपू लागल्या. गोळी मात्र न चुकता घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी पहाटे अंगाला दरदरून घाम, हात थरथरत. सुनेनं वेळेवर साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी आधी विचारते, 'गोळी कुठली, आणि ती घेतल्यावर जेवता का?' रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. गोळी कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम, आपलं नाही.

भात राहू दे, वाटी बदल. त्यांच्याच घरातली वाटी घे. दोन वाट्या भात आणि पळीभर पातळ आमटी असेल तर एक वाटी भात, घट्ट वरण आणि वाटीभर पालेभाजी. शेपू, चुका, चाकवत, मेथी, बाजारात स्वस्त मिळेल ती. मटकीची उसळ, चणे, जमलं तर अंडं. भाजी-वरण आधी, भात नंतर.

चहाचं मात्र तोंडानं सांगू नकोस, दाखव. दिवसात पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. ती त्यांच्यासमोर काचेच्या पेल्यात मोज. मांडीवर सूप, हातात कात्री, पानं कापता कापता बाई थांबते आणि पेल्याकडे बघत राहते. हे मी कितीदा पाहिलंय. 'मग गूळ घालू का?' हा प्रश्न येणारच. गुळानंही साखर वाढते, स्पष्ट सांग. उपासाच्या साबुदाण्याचंही तेच. कारल्याच्या रसानं गोळी सुटत नाही.

वेगळा स्वयंपाक करायला कुणाला सांगू नकोस. शुगर सासूला असते, चूल सुनेच्या हाती, पैसे मुलाच्या. तिघांना एकत्र बसव. आणि शुगर त्या सुनेलाच असली तर ती सगळ्यांच्या मागून, उरलेला भात खात असते. भाजी तोवर संपलेली असते. तिची वाटीभर भाजी आधीच बाजूला काढायला सासूला सांग. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

विड्या द्यायला जायच्या वेळी जाऊ नकोस, कुणाला उसंत नसते. दुपारी जा. पहिल्या दिवशी फक्त डबे उघडून बघायला माग, आणि रात्री मला फोन कर.

तुझी,
ताई