काडीकचऱ्याच्या कंपोस्टवर हरितगृहातली भाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकडीसाठी पिशव्यांत नुसते काडीकचऱ्याचे कंपोस्ट भरले. कंपोस्ट काळे, भुसभुशीत, वासालाही चांगले. तरी आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या आणि वाढ थांबली. असे का?

उत्तर : ही लक्षणे क्षारांची आहेत. कचरा कुजताना त्याचा कर्ब उडून जातो, ढीग निम्म्याहून खाली बसतो. पालाश, सोडियम, क्लोराइड मात्र मागे उरतात आणि त्यांची तीव्रता वाढते. तेच कंपोस्ट शेतात टाकले तर मातीत विखुरते. पिशवीत मुळांना दुसरीकडे जायला जागाच नसते. त्यातून काकडी क्षारांना टोमॅटोपेक्षा नाजूक.

आधी मोजा. आकारमानाने एक भाग कंपोस्ट, पाच भाग शुद्ध (ऊर्ध्वपातित) पाणी, अर्धा तास ढवळून गाळा आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप) मीटर बुडवा. या पद्धतीत तयार मिश्रणाचा ईसी ०.६५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत चालतो, कोवळ्या रोपांना ०.३५ च्या आत हवा. ०.९ च्या पुढे करपणे ठरलेलेच. समजा कंपोस्टचा ईसी १.६ आणि धुतलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) ०.२ आला, ३० टक्के कंपोस्ट, ७० टक्के कोकोपीट घेतल्यास मिश्रण साधारण ०.६२ वर येते. म्हणून कंपोस्ट २० ते ३० टक्केच धरा. ते पिशवीतला एक घटक आहे, अख्खी पिशवी नव्हे.

सध्याच्या पिशव्या वाचवायच्या तर तळाची छिद्रे मोकळी करा आणि पिशवीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी दोन-तीन टप्प्यांत सावकाश सोडा. निचऱ्याचा ईसी उतरला की थांबा. यात नायट्रेटही वाहून जाते, तेव्हा लगेच हलक्या मात्रेत विद्राव्य खत सुरू करा. करपलेली पाने सुधारणार नाहीत; नवे पान कसे येते ते पाहा.

दुसरी अडचण हवेची. नुसते कंपोस्ट महिन्या-दोन महिन्यांत दबते आणि मुळे गुदमरतात. भरण्यापूर्वी ही चाचणी जरूर करा. पिशवीइतक्याच खोलीची कुंडी घ्या, छिद्रांना चिकटपट्टी लावा, ती काठोकाठ भरायला किती पाणी लागते ते मोजा. मग कुंडी रिकामी करून तीत मिश्रण भरा आणि पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत हळूहळू ओता. पट्टी काढून निथळलेले पाणी मोजा; तेवढीच हवेला जागा. ते कुंडीच्या आकारमानाच्या १५ ते २५ टक्के असावे. १० च्या खाली आले तर जाड पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे) वाढवा आणि कंपोस्ट १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढताना खालची भुकटीही थोडी वगळा.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर सामू (पीएच) तपासा. कंपोस्टचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो, त्यात लोह अडकते. अशा वेळी चिलेटेड (मुळांना घेता येईल असे बांधून ठेवलेले) लोह द्या; त्यातले ईडीटीए स्वरूप नको, ईडीडीएचए घ्या.

प्रश्न : ढीग गार झाला म्हणजे कंपोस्ट तयार समजायचे का?

उत्तर : नाही. ढीग कोरडा पडला तरी गार होतो. पाणी मारून, मूठ आवळल्यावर एखाददुसरा थेंब येईल इतका ओला करा, पालटा आणि चार-पाच दिवस थांबा. पुन्हा तापला तर काम बाकी आहे. भुसा किंवा लाकडाचा चुरा अर्धवट कुजलेला असेल तर तो पिशवीत नत्र ओढून घेतो, खत देऊनही झाड पिवळेच राहते.

पेंढा किंवा गवत बाहेरून आणले असेल तर घेवड्याचे बी लावून तीन आठवडे पाहाच. क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड ही तणनाशके कुजण्याने सहजी नष्ट होत नाहीत. घेवड्याची कोवळी पाने वाटीसारखी वळली तर ते कंपोस्ट टोमॅटो, मिरचीला अजिबात वापरू नका. यावर धुणे वगैरे उपाय भरवशाचा नाही.

प्रश्न : टोमॅटोची काढलेली झाडे कुजवून पुन्हा टोमॅटोलाच चालतील?

उत्तर : चालवू नका. ढिगात ५५ अंश सेल्सिअस सलग तीन दिवस टिकले आणि पालटून बाहेरचा थर आत गेला, की बहुतेक बुरशी आणि सूत्रकृमी मरतात. टोमॅटो मोझॅक आणि ब्राउन रुगोज हे विषाणू मात्र त्यातूनही तग धरू शकतात. टोमॅटोचे कंपोस्ट काकडीला, काकडीचे टोमॅटोला असा पालट ठेवा. झाडे तुकडे करण्याआधी प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि सुतळ्या वेचून काढा. एकदा यंत्रातून गेल्या की चाळणीतही सापडत नाहीत.