पाटे बदलले आणि पद्मिनी मागून उचलली

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), त्यांचे बुश (टोकांतल्या रबरी नळ्या) आणि चारही शॉकअब्सॉर्बर नवे टाकले. आता गाडी मागून दीड-पावणेदोन इंच वर दिसते, डावीकडून जरा जास्तच. मेकॅनिक म्हणतो, ‘चालवा, बसेल आपोआप.’ थांबू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नवे पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, हे खरं. पावणेदोन इंच मात्र नुसतं चालवून जाणार नाहीत. त्यातही तुम्ही तुलना करताय ती इतकी वर्षं दबलेल्या पाट्यांशी. ती उंची मूळची नव्हेच.

शॉकअपला यातून वगळा. तेलाचा शॉकअप वजन पेलत नाही, हाताने दाबला की दबलेलाच राहतो. गॅसचा असेल तर किंचित उचलतो, इतकंच.

आमचा पहिला संशय बुशांवर. गाडी जॅकवर, अॅक्सल लोंबकळतोय आणि त्याच अवस्थेत पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल भोकाचा) बोल्ट नि शॅकलचे (मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीचे) नट आवळले, तर रबर तिथेच पकडलं जातं. गाडी खाली आली की ते पिळवटतं आणि मूळ जागी जायला बघतं, म्हणजे गाडीला वर ढकलत राहतं. वर्षभरात फाटतं ते वेगळंच. उपाय फुकटाचा आहे : गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चाकांवर उभी करा, हे सगळे नट ढिले करा (काढू नका), डिकी पाच-सहा वेळा दाबून सोडा, गाडी थोडी पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्टही वजनावरच आवळा, आलटून-पालटून. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

तरीही उंचच? मग जुन्या आणि नव्या संचातले पाटे मोजा. टॅक्सीच्या पद्मिन्यांच्या डिकीत सीएनजीची जड टाकी असायची, त्यासाठी जादा पाटा घालून घेण्याची पद्धत होती. तसा संच तुमच्या रिकाम्या डिकीखाली आला असेल तर गाडी उचलणारच. पाटेवाल्याकडून जादा पाटा काढून घ्या, किंवा बाक कमी करून घ्या, पण दोन्ही बाजूंचा एकसारखा. कमान गरम करून दाबून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. टेम्पर (पोलादाचा ताठपणा) गेला की पाटा महिन्याभरात झोपतो.

डाव्या बाजूचं कोडं ट्रॉली जॅकने सुटतं. चारही टायरांत ठरलेली हवा भरा, सपाट जागी गाडी लावा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत माप घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक मापात मिसळतो. मग पुढचा क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा बीम) बरोबर मध्यावर उचला. मागचा कल गेला तर दोष पुढच्या एखाद्या दबलेल्या कॉइल स्प्रिंगचा. राहिला तर मागच्या पाट्याचा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

मागून उचललेल्या गाडीचा कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, म्हणून वळणानंतर स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं. उंची ठरेपर्यंत अलाइनमेंटवर पैसे घालू नका. हेडलाइटही तेव्हाच सेट करा, सध्या ते रस्त्यात जवळच पडत असतील.

प्रश्न : अॅम्बेसेडर पुढून दबली आहे. स्प्रिंगखाली रबरी स्पेसर चालेल?
– एक वाचक, अकोला

उत्तर : पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) आहे, स्पेसर ठेवणार कुठे? आधी बुश तपासा, मग बार मागच्या टोकाला फिरवून बसवा. काढताना डावा-उजवा खडूने लिहून ठेवा. वापरलेल्या बारला पिळाची दिशा पडलेली असते, अदलाबदल झाली तर तो तुटू शकतो.