जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी रोज मोटारसायकलने: सॅक, सॅडलबॅग की टॉप बॉक्स?

तुम्ही विचारलंय की घर जुळे सोलापुरात, नवी नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, गाडी १२५ सीसीची, आणि रोज लॅपटॉप, जेवणाचा डबा, पाणी, रेनकोट न्यायचा तर कोणती बॅग घ्यावी. मी अकरा वर्षं हाच रस्ता करतोय. तिन्ही प्रकार वापरून झालेत, तिन्हींवर पैसे घालवून झालेत.

दुकानात जायच्या आधी एक काम करा. रोजचं सामान घरातल्या काट्यावर ठेवा. माझं सगळं मिळून साडेसहा किलो भरलं होतं. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर एवढं एकच नाजूक, बाकी स्टीलचा डबा, लिटरभर पाणी, रेनकोट, कुलूप असला कारभार. मी साडेसहा किलोची बॅग शोधत होतो, पण काळजी फक्त दोन-अडीच किलोची करायची होती.

सॅकने सुरुवात सगळेच करतात. पहिले दोन महिने काही वाटत नाही. मग मार्च लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी साडेआठला पुणे नाक्यापर्यंतच पाठ भिजते, आणि कंपनीत पोचल्यावर शर्टावर सॅकच्या पट्ट्यांचे मिठाचे पांढरे वळ उमटलेले असतात. घामाचं एक वेळ सोडा. मला सॅकमधल्या स्टीलच्या डब्याची भीती वाटते. गाडी घसरली आणि पाठीवर पडलो तर तो डबा थेट मणक्याखाली येणार. पाठीवर डब्यासारखी जाड, कडक वस्तू न्यायचीच नाही, हा नियम मी एका सहकाऱ्याला पडलेलं पाहून केला. त्याला सुदैवाने काही झालं नाही, डबा मात्र चेपला होता.

सॅडलबॅग म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडी. वजन खाली राहतं, गाडी चालवायला छान वाटते. पण उजवीकडे सायलेन्सर आहे. माझी पहिली जोडी तिसऱ्याच आठवड्यात गेली. केगावच्या पुढे प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. थांबून बघतो तर बॅगेच्या तळाला भोक, आणि रेनकोटची पँट सायलेन्सरला चिकटून त्याचा डांबरासारखा गोळा झालेला. बॅग रिकामी असताना व्यवस्थित उभी असते, सामान भरलं की खाली बसते, आणि खड्ड्यात आपटली की आणखी दोन बोटं खाली येते. तेव्हा दुकानात लावून बघताना भरूनच बघा. शिवाय डावीकडे साडीगार्ड असतो, तो काढून बॅग लावून देतो म्हणणारे मेकॅनिक भेटतील. काढू नका. मागच्या चाकावर तसं संरक्षण हवं असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि रविवारी मागे घरचं माणूस बसणार असतं. बॅगेचे मोकळे पट्टे मात्र कापा किंवा शिवून टाका. साखळीत पट्टा गेला तर चाक जाम होतं.

आता टॉप बॉक्स. (डबा म्हटलं की जेवणाचा की गाडीचा असा घोळ होतो, म्हणून गाडीच्या डब्याला बॉक्सच म्हणतो.) कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, हेल्मेट ठेवता येतं. मी खूश होतो. मग एक दिवस आईने कडक भाकऱ्या दिल्या, बहिणीकडे पोचवायला. फडक्यात बांधून बॉक्समध्ये ठेवल्या, आणि बहिणीने फडकं सोडलं तर आत नुसता चुरा. ती म्हणाली, दादा, कुटून आणलास का? दह्यात कालवून खाल्ला तो. पण मला तिथे शंका आली की रोज याच जागी माझा लॅपटॉप असतो. मग पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम करून बघितलं. एक भाकरी बॉक्समध्ये, एक मागच्या सीटवर बांधलेल्या बॅगेत, एक पाठीवरच्या सॅकमध्ये. बॉक्समधलीचे नऊ-दहा तुकडे, सीटवरचीचे दोन, पाठीवरची अख्खी.

कारण साधं आहे. बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, कॅरिअरच्या टोकाला असतो. स्पीडब्रेकरवर मागचं चाक उडालं की सगळ्यात जास्त फेकलं जातं ते टोक. सीट दोन चाकांच्या मध्ये असते, तिथे धक्का कमी. पाठीवर तर आपले गुडघे आणि कंबरच शॉकअब्सॉर्बर. त्याच कारणाने बॉक्समध्ये वजन कोंबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि सत्तरच्या वर हँडल हलल्यासारखं वाटतं. हायवेवर शेजारून ट्रक गेला की जास्तच. बॉक्सवर आणि कॅरिअरवर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं, बहुतेक तीन ते पाच. आकार बघून भरू नका, तो आकडा बघून भरा.

त्यामुळे सध्या माझी मांडणी अशी आहे. लॅपटॉप पातळ, हलक्या सॅकमध्ये पाठीवर, त्यात दुसरं काहीही नाही, चार्जरसुद्धा नाही. अडीच किलोच्या आतल्या सॅकचा उन्हाळ्यातही फारसा त्रास होत नाही. जेवणाचा डबा, पाणी, चार्जर मागच्या सीटवर बांधलेल्या टेलबॅगेत. बॉक्समध्ये रेनकोट, कुलूप, पंक्चरचं सामान, आणि उतरल्यावर हेल्मेट. बॉक्सच्या तळाला आपला सोलापुरी टॉवेल चौपदरी घातलाय. खडखड थांबते आणि पावसात भिजलो तर पुसायला कामाला येतो. लॅपटॉप बॉक्समध्येच न्यायचा हट्ट असेल तर टॉवेलवर उभा ठेवा, आडवा नको, आणि गाडी उन्हात लावून आत सोडून जाऊ नका. काळा बॉक्स मेमध्ये भट्टी होतो.

आमटी न्यायची असेल तर डबा पिशवीत वेगळा बांधा. शेंगाचटणी आणि भाकरी नेणाऱ्याला हा प्रश्न नाही, म्हणून मी आमटी बंदच केली.

पावसाचं म्हणाल तर सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीवरून ओघळलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साठतं आणि सॅक त्यात बसून राहते. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात झोडपतो, तोपर्यंत सगळे गाफील झालेले असतात. रेनकोट बॉक्समध्ये सगळ्यात वर.

आणखी एक. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर येतात, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. संध्याकाळी परत येताना ते तुम्हाला दिसत नाहीत तसे तुम्हीही मागच्याला दिसत नाही. टेलबॅगेने मागचा दिवा किंवा नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे कुणाला तरी दहा पावलं मागे उभं करून विचारा. बॉक्सवर लाल रिफ्लेक्टर टेप लावा, शंभर रुपयांच्या आत काम होतं.

मागच्या टायरमध्ये हवा साखळीच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी ठेवा. बॉक्सच्या प्लेटचे नट दर रविवारी पान्याने तपासा. साधे नट असतील तर नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट) घाला. माझा एक नट बाळे गावाच्या अलीकडे पडला होता, तो अजून तिथेच कुठेतरी असेल.

पैसे एकदमच घालू नका की ओ. पहिल्या पगारात टेलबॅग आणि दोन चांगले रबरी पट्टे घ्या, सॅक तुमच्याकडे असेलच. महिनाभर जाऊन बघा. हेल्मेट हातात घेऊन कंपनीभर फिरायचा कंटाळा आला, तर बॉक्स घ्या.