उचलत्या कीलची नौका घेताना

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. मुलगा मुंबईत शिडाची नौका चालवायला शिकलाय. कील, म्हणजे तळाखाली पाण्यात जाणारी उभी पट्टी, वर उचलता येणारी चोवीस फुटी जुनी नौका त्याला विकत मिळतेय. मालक म्हणतो, 'पाण्यात येऊन बघा, कील मस्त खाली-वर होते.' घ्यावी का? हिवाळ्यात ट्रेलरवर तापीवरच्या हतनूर धरणात आणता येईल? आणि कील वर घेतली की नौका उलटते, हे खरं का?

उत्तर : भाऊ, पाण्यात तरंगणारी बघून पैसे देऊ नका. मी मूळचा अमळनेरचा, पण उभी हयात बोटींच्या तपासणीत गेली. या जातीच्या नौकेत जे बिघडतं ते सगळं पाण्याखाली, कील ज्या फटीत वर-खाली होते त्या खोबणीत बिघडतं. क्रेनचा खर्च तुम्ही करा, पण नौका पट्ट्यांवर उचलून कील पूर्ण खाली सोडायला लावा. जमिनीवर ठेवलेल्या नौकेची कील खाली येऊच शकत नाही, त्यामुळे तसं पाहणं फुकट.

कील लोंबकळती असताना टोक धरून आडवं हलवा. थोडी सैल चालते. पण 'खट्' असा आवाज आला तर कील जिच्यावर अडकवलेली असते ती पिन किंवा तिचं भोक झिजलंय. पिन शेवटची कधी काढून पाहिली, हे मालकाला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ती काढून पाहण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मग बॅटरी घेऊन खोबणीत डोकवा. खोबणीची पेटी तळाला जिथे जोडलेली असते तिथे केसासारखी चीर दिसली, तर मी असतो तर तिथूनच परत फिरलो असतो. बीडाची कील गंजून फुगते आणि खोबणीत घट्ट बसते. आपल्या कोमट समुद्रात शंख-शिंपले भराभर धरतात, म्हणून महिनोन्महिने वर ठेवलेली कील हमखास अडकते. उचलायची तार कीलला जिथे बांधलेली असते तो शेवटचा वीतभर तुकडा आधी कुजतो. फडकं गुंडाळून हात फिरवा, तुटलेले तंतू फडक्यात अडकतात. तारेऐवजी तेलाच्या दाबावर उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर कील रात्रभर वर ठेवून सकाळी ती खाली सरकली का ते बघा.

उलटण्याची भीती निराधार नाही. काही नौकांत वजन कीलमध्येच असतं. ती वर घेतली की वजनही वर जातं आणि कलंडल्यावर सावरण्याची ताकद घटते. काहींत वजन तळात पक्कं असतं, कील हलकी पट्टी असते. तिथे फरक कमी पडतो. तुमची कोणती, हे निर्मात्याच्या पुस्तकात बघा. शिडं उभारलेली असताना कील खाली, हा नियम मुलाला आत्ताच लावा.

फायदाही खरा आहे. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. ओहोटीला खाड्यांत चिखल उघडा पडतो. खोल कीलची नौका तिथे आडवी होते, तुमची कील आत ओढून उथळ पाण्यातही आत शिरते. फक्त चिखल खोबणीत चढतो, तो पुढच्या खोल पाण्यात कील दोनचारदा खाली-वर करून धुऊन काढायचा.

हतनूरचं मात्र मनातून काढून टाका. आधी कसाऱ्याचा घाट, मग पाटबंधारे खात्याची परवानगी, आणि तापीचा गाळ त्याच खोबणीत. शिवाय उभ्या डोलकाठीला विजेच्या तारांचा धोका. भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जा. नौका समुद्रातच राहू द्या.

प्रश्न : उकाई धरणाच्या फुगवट्यात चालवायला छोटी शिडाची होडी घ्यायची आहे. फिरती कील चांगली की सरळ वर ओढायची? (नंदुरबार)

उत्तर : फिरती. पाणी उतरल्यावर बुडीत जमिनीतले खुंट आणि दगड वर येतात. फिरती कील त्यांना लागली की चाकूच्या पात्यासारखी मागे मिटते. सरळ ओढायची असेल तर तो सगळा धक्का पेटीवर बसतो आणि पेटी फुटली की पाणी थेट होडीत. लाइफ जॅकेट मात्र दोन्हींत सारखंच लागतं, ते होडीच्या आधी विकत घ्या.