मदत-खिडकीवर नव्याने बसताना

पहिल्याच आठवड्यात सगळे नियम पाठ करू नकोस. अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजात कुणी उपाशी आलं, तर आधी पँट्रीतून (कॉलेजच्या मोफत अन्नसाठ्यातून) पिशवी भरून दे, फॉर्म नंतर. मग एवढंच विचार:

- आठवड्याला २० तास पगारी काम, 'वर्क-स्टडी' (सरकारी मदतीतून विद्यार्थ्यांना मिळणारं अर्धवेळ काम) किंवा ६ वर्षांखालचं मूल? एक जरी असलं तरी स्नॅपचा (अन्नखरेदीसाठीच्या सरकारी मदतीचा) अर्ज भरायला लाव.
- निम्म्याहून जास्त जेवणं कॉलेजच्या मील प्लॅनमधून? मग स्नॅप नाही.

'विद्यार्थ्यांना मिळतच नाही' म्हणून परत पाठवणं, ही नव्यांची सर्वांत मोठी चूक. स्नॅपच्या मुलाखतीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. मुलं उचलत नाहीत आणि अर्ज तिथेच अडकतो. आधीच बजावून ठेव.

कुणी खाली बघत 'मैत्रिणीसाठी नेतेय' म्हणाली, तर खोदून विचारू नकोस. दुसरी पिशवीही दे.