छातीचा फोटो इथे, रक्ताची तपासणी तिथे

ब्रिटनला शिकायला, नोकरीला किंवा आश्रय मागायला गेलेल्यांच्या आरोग्य तपासणीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

मुलगी सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी इंग्लंडला निघणार आहे. दहा वर्षांपूर्वी तिला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली. व्हिसाच्या तपासणीत हे सांगावं का? लपवलं तर चालेल, असं एजंट म्हणतो. – एक आई, नाशिक

सांगाच. एजंटचं ऐकलंत तर छातीचा फोटोच बोलेल. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फुफ्फुसावर बहुधा राहतो, आणि तो जुना की जिवंत हे एका फोटोवरून ठरत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहण्याच्या व्हिसासाठी भारतातून जाणाऱ्या 11 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तोही ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या दवाखान्यातच. कोपऱ्यावरच्या लॅबचा चालत नाही.

व्रण दिसला की बेडका तपासायला मागतात, तीन वेगवेगळ्या दिवशी, तिथल्याच देखरेखीखाली. तो सकाळी उपाशीपोटी, खोल श्वास घेऊन आतून खोकून काढायचा असतो. बहुतेकांची चूक इथेच होते: डबीत नुसती लाळ जाते. त्यानंतर जंतू वाढतात का, हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून सप्टेंबरच्या प्रवासासाठी तपासणी ऑगस्टवर ढकलू नका, मे-जूनमध्येच उरका. प्रमाणपत्र एक्स-रेच्या तारखेपासून सहा महिने चालतं.

जुने फोटो, औषधोपचाराचं कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र सोबत न्या. जुन्या फोटोशी ताडून व्रण बदललेला नाही हे दिसलं, तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. खोकला आहे म्हणून आधीच लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी सुरू करू नका. तिने टीबीचे जंतू दबतात आणि तपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: फोटोच्या वेळी लांब वेणी वर बांधायची, साखळी काढायची. खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीची सावली फुफ्फुसाच्या वरच्या भागात नेमकी डागासारखी पडते.

पत्नी चार महिन्यांची गरोदर आहे. एक्स-रे काढावाच लागेल का? – पुणे

तीन वाटा आहेत. चौथा महिना म्हणजे दुसरी तिमाही, त्यामुळे पोटावर जास्तीचं संरक्षक आवरण घेऊन एक्स-रे काढता येतो. नको असेल तर त्याऐवजी बेडक्याची तपासणी मागता येते (वेगळे पैसे पडतात, निकालाला वेळ लागतो). किंवा बाळंतपणानंतर.

लेस्टरला येऊन वर्ष झालं. टीबीचं प्रमाणपत्र देऊनच आलो होतो. आता सर्जरीतून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातून, रक्ताच्या तपासणीसाठी पत्र आलंय. पुन्हा कशाला? आणि पॉझिटिव्ह आलं तर व्हिसा जाईल का? – एक तरुण नोकरदार

व्हिसा जात नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मुंबई-पुण्यातली तपासणी व्हिसा खात्यासाठी होती. ही तुमच्यासाठी आहे आणि तिचा निकाल गृहखात्याकडे जात नाही.

दोन्ही तपासण्या शोधतात तेही वेगळं. एक्स-रेत चालू असलेला फुफ्फुसाचा आजार दिसतो. अंगात जंतू झोपलेले असतील, तर फोटो स्वच्छच येतो. अशा सुप्त टीबीचा पुढे आयुष्यात कधीतरी आजार होण्याची शक्यता साधारण 5 ते 10 टक्के, आणि सर्वात मोठा धोका लागण झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत. पूर्वी हीथ्रो आणि गॅटविकवर उतरल्या उतरल्या फोटो काढत. हाती फारसं लागत नसे, म्हणून 2012 पासून ते बंद करून फोटो मायदेशीच काढायचं ठरलं. पण सुप्त लागण त्याही जाळ्यातून निसटतेच. म्हणून टीबी जास्त असलेल्या देशांतून गेल्या पाच वर्षांत आलेल्या 16 ते 35 वयाच्या लोकांना ही पत्रं जातात.

तपासणीचं नाव इग्रा. हातावर सुई टोचून फुगवटा मोजायच्या जुन्या पद्धतीत लहानपणच्या बीसीजी लसीमुळे घोटाळा होतो. इग्रात तो होत नाही. मात्र पॉझिटिव्ह आलं तर आजार चालू आहे की जंतू झोपलेले आहेत, हे इग्रा सांगत नाही. त्यामुळे पुन्हा एक्स-रे काढतात आणि लक्षणं विचारतात. आजार नसेल तर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन तीन महिने, किंवा नुसतं आयसोनियाझिड सहा महिने. सोबत बी-6 जीवनसत्त्व. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या मात्र तिच्यामुळे निकामी होऊ शकतात, ते आधी सांगा. दारू टाळा, कारण दोन्ही औषधांचा भार यकृतावर पडतो. डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी फोन करा.

बर्मिंगहॅमच्या हॉटेलात ठेवलेल्या आश्रयार्थी कुटुंबांना आमचा गट मदत करतो. त्यांच्याकडे कागदपत्रंच नसतात. डॉक्टर कसा मिळवून द्यायचा?

कागदपत्रांशिवायच. इंग्लंडमध्ये सर्जरीत नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र देण्याची सक्ती नाही. काउंटरवर कुणी अडवलं तर नावनोंदणीचा जीएमएस-1 फॉर्म मागा आणि नकार लेखी द्यायला सांगा. औषधं, दात आणि डोळ्यांचा खर्च माफ व्हायला एचसी-2 प्रमाणपत्र लागतं. टीबीची तपासणी आणि उपचार कुणालाही फुकट आहेत, व्हिसा असो-नसो.

लक्षात घ्या, व्हिसाशिवाय आलेल्या या लोकांचा निघण्याआधी छातीचा फोटो निघालेला नसतो. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, मानेत गाठ, यांतलं काही दिसलं तर आमंत्रणाच्या पत्राची वाट पाहू नका. कावीळ-बीची रक्ततपासणीही मागून घ्या. दुभाषा सर्जरीने द्यायचा असतो, तोही फुकट. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईचं बोलणं सांगायला बसवू नका: छळ, बलात्कार, गर्भपात या गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही, आणि डॉक्टरला नेमकं तेच कळायला हवं असतं.

मुलाला भारतात सगळ्या सरकारी लशी दिल्या आहेत, तरी इथली नर्स एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घ्या म्हणते. – रेडिंग

तिचं बरोबर आहे. आपल्या सरकारी वेळापत्रकातली लस एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची त्यात नाही. शिवाय पहिला डोस नवव्या महिन्यापासून देतात, आणि ब्रिटनमध्ये पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. गोवराचा एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. लसीकरण कार्डाची मूळ प्रत सोबत ठेवा, आणि त्यावरच्या मराठी नोंदी नर्सला समजतील अशा इंग्रजीत तारखांसह लिहून द्या.