काळी-हिरवी जुनी नाणी : काय धुवायचं, कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वारशाने आलेल्या डब्यात काळी पडलेली चांदीची नाणी आहेत, हिरवट झालेली तांब्याची आहेत, काही प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकट झाली आहेत. लिंबू किंवा टूथपेस्ट लावून उजळवावीत का? नको. दोन्हींपैकी काहीच नको. चिकट झालेली मात्र धुवायलाच हवीत, आणि तीही लवकर.

नाण्यावर जे दिसतं ते दोन प्रकारचं असतं. माती, बोटांचं तेल, टेपचा गोंद, पाकिटाचा चिकटा हे बाहेरून येऊन बसलेलं. चांदीवरचा काळेपणा (सिल्व्हर सल्फाइड) आणि तांब्यावरचा तपकिरी थर (कॉपर ऑक्साइड) हे धातूचंच झालेलं रूपांतर. पहिलं उतरवता येतं. दुसरं उतरवलंत तर नाण्याचा पृष्ठभागच उतरतो, कारण त्या काळ्या थरातली चांदी नाण्याचीच होती.

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. त्यांचे केसासारखे बारीक ओरखडे दिव्याखाली नाणं फिरवलं की लगेच दिसतात. लिंबाचं आम्ल तांब्याचा थर खाऊन खालचं गुलाबी, उघडं तांबं बाहेर काढतं; ते पुढे डागाडागांनी काळवंडतं. चांदीच्या डिपमध्ये (चांदी बुडवून उजळवायच्या तयार द्रवात) आम्ल आणि थायोयुरिया असतो. टांकसाळीत ठसा पडताना धातू पसरतो, त्यातून उमटलेल्या सूक्ष्म रेषांमुळे नव्या नाण्यावर प्रकाश चाकासारखा फिरतो. डिप त्याच रेषा खातो, आणि एकदा गेलेली ती झळाळी परत आणता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या युक्तीत सल्फाइडची पुन्हा चांदी होते खरी, पण ती पूर्वीच्या रचनेत बसत नाही. नाणं पांढरट आणि मढ्यासारखं दिसतं. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या कंपन्यांकडे असं नाणं गेलं तर अंकांची श्रेणी मिळत नाही, 'डीटेल्स' (नाणं खरं, पण पृष्ठभाग बिघडलेला) असा शेरा येतो.

आता चिकट नाण्यांबद्दल. मऊ पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. त्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) पाझरतं, प्लॅस्टिक कुजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट बुळबुळीत थर येतो. तो धातू खात राहतो, म्हणून इथे वाट पाहण्यात तोटा आहे. उपाय शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. त्यात पाणी, रंग, सुगंध, तेलं असतात आणि ती नाण्यावर राहतात.

झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. पॉलिस्टायरीनचा पारदर्शक प्लॅस्टिक पेला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो आणि तो चिकटा नाण्यावरच बसतो. पहिल्या बरणीत नाणं पूर्ण बुडेल एवढं अ‍ॅसिटोन ओता, एका वेळी एकच नाणं ठेवा. पातळ थराला अर्धा तास पुरतो, जाड असेल तर झाकण लावून रात्रभर राहू द्या, मध्ये एकदा उलटा. मग दुसऱ्या बरणीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा. ही दुसरी बुडी बहुतेक जण टाळतात. मग विरघळलेली घाण वाळताना पुन्हा नाण्यावर पसरते आणि दोष अ‍ॅसिटोनला मिळतो. काढल्यावर पुसू नका, काही सेकंदांत आपोआप वाळतं. खिडक्या उघड्या हव्यात. जवळ ज्योत, शेगडी, ठिणगी नको. वाफ हवेपेक्षा जड असते आणि सहज पेटते. रंग छापलेली किंवा लाखेचा थर असलेली नाणी यात घालू नका, रंग निघून जाईल.

माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजवा, पाणी रोज बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात. मऊ झालेली माती बांबूच्या काडीने हलकेच सोडवा, काडी नाण्यावर ओढू नका. शेवटी अ‍ॅसिटोनची एक बुडी दिली की फटींत अडकलेलं पाणीही निघतं. जस्त आणि लोखंडाची नाणी पाण्यात भिजत ठेवू नयेत, आणि अ‍ॅल्युमिनियमला सोडा अजिबात लावू नये. अल्कलीत तो धातू विरघळतो.

तांब्यावरचं हिरवं नीट ओळखा. गुळगुळीत, घट्ट, गडद थर म्हणजे पॅटिना, त्याला तसाच सोडा. फिकट हिरवी भुकटी काडीने सहज निघते आणि काही दिवसांत त्याच जागी परत येते, तर ते कॉपर क्लोराइडचं दुखणं आहे, दमट हवेत वाढणारं. अ‍ॅसिटोन इथे निरुपयोगी. नाणं वेगळं काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असू द्या. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणाचा उपाय आहे, पण तो आठवडेच्या आठवडे चालतो आणि पॅटिनाचा रंगही बदलू शकतो, त्यामुळे मौल्यवान नाणं जाणकार संवर्धकाकडेच द्या.

धुतलेलं नाणं जुन्या पाकिटात परत गेलं तर सगळी मेहनत वाया. मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं घ्या. रबरबँड नाण्यांजवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पाकीट कशाचं आहे अशी शंका असेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, पाकिटाला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा : ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. अर्थात हे अ‍ॅसिटोनच्या बाटलीपासून लांब, मोकळ्या हवेत.